क्रशरचा ब्रेकर

“पण सर, मग मी तयार कधी होणार?”

हर्षल पिंपळशेंडेनं हे विचारलं तेव्हा तुमाने सर विजेच्या खोलीतल्या बाकड्यावर आडवे पडले होते. डोळ्यांवर ओला रुमाल. श्वासाबरोबर रुमालाचं टोक तेवढं हललं.

“सर?”

“जागा आहे मी. थकलोय.”

ही गोष्ट चंद्रपूरकडच्या एका सिमेंट कारखान्यातली. मे महिना. वर्षाच्या मोठ्या दुरुस्तीसाठी कारखाना बंद, म्हणून पंखेही बंद. ऊन असं, की चिमणीची सावली सरकली की तिच्यात झोपलेली कुत्री झोपेतच सरकायची. तुम्हाला खोटं वाटेल. कुत्र्यांनाही आधी खोटंच वाटलं होतं.

तुमाने सरांचं काम एकच. कारखान्यांतले ब्रेकर तपासायचे.

ब्रेकर म्हणजे घरातल्या बटणाचा थोरला भाऊ. अंगानं कपाटाएवढा. कुठं शॉर्टसर्किट झालं, की पापणी लवायच्या आत त्यानं उघडायचं आणि वीज तोडायची. एरवी वर्षानुवर्षं मिटून उभं राहायचं, वीज जाऊ द्यायची. कुणी त्याच्याकडे बघतही नाही. आतलं ग्रीस हळूहळू वाळून गुळाच्या ढेपेसारखं होतं. तरी तो बाहेरून तसाच.

या कामात सरांचं नाव मोठं. त्यांची जीप फाटकातून आत शिरली की दुबळे फ्यूज आपणहून जळून जातात, असं लोक सांगत. मी स्वतः एकच जळलेला पाहिलाय. पण जीप तेव्हा फाटकाच्या बाहेरच होती.

आता मात्र सरांचे गुडघे गेले होते. कान शाबूत होते, पण माणसांचं ऐकून ऐकून विटले होते. प्रत्येक कारखान्यात तेच साहेब, तीच घाई, तोच गोड चहा.

दुसऱ्या दिवशी त्यांची माणसं खताच्या एका कारखान्याकडे निघणार होती. त्यांचा प्रमुख म्हणून कोण जाणार, हे सरांनी आज सांगायचं होतं. हर्षलला वाटत होतं, आपणच. सरांनाही तेच हवं होतं. घरी जाऊन पडायचं होतं त्यांना. पण “जा” एवढं एक अक्षर काही त्यांच्या तोंडून निघत नव्हतं.

हर्षल हुशार होता. आणि हे कुणी त्याला सांगायची गरज नसे.

“सकाळपासून एकट्यानं केले सगळे ब्रेकर,” तो म्हणाला. “एक सोडून. आकडे तरी बघा.”

त्यानं मोजणीचं यंत्र उचलून बाकड्यापाशी आणलं. बटण दाबल्यापासून ब्रेकर उघडेपर्यंत किती वेळ गेला, ते त्याच्या पडद्यावर दिसतं.

सरांनी रुमालाचं एक टोक वर केलं. एक डोळा उघडला.

“छान आहेत.”

“छान? सर, नव्या ब्रेकरचे नसतात असे!”

“तेच म्हणतोय मी. हे म्हातारे आहेत.”

हर्षलला ती शाबासकीच वाटली. तो हसला.

“हे कितव्या वेळचे आकडे?” सरांनी विचारलं.

“म्हणजे?”

“तू बटण दाबलंस. तो उघडला. हे कितव्यांदा दाबल्यावरचं?”

“आधी उघडमीट करून घेतली ना, सर. थोडं तेल मारलं, थोडे हलवले. किती वर्षांत कुणी हात लावला नव्हता त्यांना. चांगले मोकळे झाले, मग मोजले.”

“आणि पहिल्यांदा?”

“पहिल्यांदा काय... जरा आखडलेले असणारच.”

“किती?”

हर्षल यंत्राच्या तारा गुंडाळू लागला.

“किती आखडलेले होते, बाबू?”

“ते... मोजलं नाही.”

सरांनी रुमाल पुन्हा डोळ्यांवर ओढला.

बाहेर कुठंतरी लोखंडावर हातोडा पडत होता. थांबून थांबून. मारणाराही कंटाळला असावा.

“पण आता तर चालतात ना ते!” हर्षलचा आवाज चढला. “शेवटी बघायचं काय असतं? चालतो की नाही!”

“गेल्या महिन्यात शॉर्टसर्किट झालं असतं तर? ते थांबलं असतं का रे दाराशी? म्हणालं असतं, घ्या, तुम्ही आधी हातपाय मोकळे करून घ्या, मग येतो मी?”

हर्षलनं यंत्र बंद केलं.

“इतक्या वर्षांनी तो पहिल्यांदा उघडतो, तेव्हा काय ते खरं सांगतो,” रुमालाखालून आवाज आला. “तेवढंच ऐकायला आपण इथं येतो. तू ते ऐकलं नाहीस. वर तेल मारलंस.”

सर रागावले असते तर बरं झालं असतं. पण दूध नासलं हे जसं सांगतात, तसं त्यांनी ते सांगितलं.

“एक राहिलाय म्हणालास.”

“क्रशरचा. त्याच्या मागच्या पत्र्याचे स्क्रू गंजलेत. निघेनात, म्हणून शेवटी ठेवला.”

“गंजाचे उपकार.” सर उठून बसले. त्यांचे गुडघे असे वाजले, की बाजूच्या पॅनलवरची पाल दचकून खाली पडली. “चल. त्याला विचारू.”

क्रशर म्हणजे चुनखडीचे दगड फोडणारं यंत्र. त्याची मोटर हत्तीएवढी, आणि तिच्या आसपास माणसं दिवसभर वावरत असतात. त्या मोटरची वीज ज्या ब्रेकरमधून जायची, तो खोलीच्या मध्यावर उभा होता. अख्ख्या खोलीचाच पुरवठा मुख्य स्विचवरून तोडलेला होता. त्यामुळे हा गडी कारखाना बंद झाला तेव्हा जसा मिटलेला होता, तसाच अजून मिटून होता.

हर्षलनं स्क्रूंशी झटापट केली. बोटाचं साल गेलं. पत्रा निघाला. आत वीज नाही याची त्यानं खात्री केली आणि मोजणीच्या तारा जोडल्या. मग, सवयीनं, त्याचा हात तेलाच्या फवाऱ्याकडे गेला.

“हात,” सर म्हणाले.

हात मागे आला.

“नुसतं एकदा हलवून बघतो, सर. तारा नीट बसल्यात का...”

“हात.”

हर्षलनं फवारा लांब ठेवला.

“दाब.”

हर्षलनं बटण दाबलं.

ब्रेकर उघडतो तेव्हा बंदुकीसारखा आवाज होतो. बटण आणि आवाज यांच्यात केसही जायला जागा नसते.

इथं गेली. केस नव्हे, गाय गेली असती.

मग धाडकन आवाज झाला.

हर्षल पडद्याकडे बघत राहिला. वेळ हवा त्याच्या चौपट होता.

“यंत्राची चूक असेल,” तो म्हणाला.

त्यानं एक तार ओढून पाहिली.

“तार सैल असेल.”

सर पाण्याची बाटली तोंडाला लावून हळूहळू पाणी पीत होते.

“परत एकदा दाबू, सर? आता बरोबर येईल.”

“येईलच.”

“मग...”

हर्षलचं बोट बटणावर होतं. बराच वेळ होतं. मग त्यानं ते उचललं. बोटाचं रक्त बटणाला लागलं होतं, ते बाहीनं पुसलं, आणि तो तिथंच जमिनीवर बसला. सकाळी चमकत असलेले बूट आता धुळीत होते.

“सर, म्हणजे बाकीचे सगळे...”

“असतील. नसतीलही.”

“कसं कळणार आता?”

“आता? आता ते सगळे छान आहेत. तूच दाखवलंस की मला.”

एवढ्यात कारखान्याचे मॅनेजर धोटे साहेब आत आले. आधी पोट आलं, मग घामाचा वास, मग साहेब.

“झालं नं जी, तुमाने सर? संध्याकाळी भट्टी पेटवाची हाय. वरून फोनावर फोन येऊन राहिले.”

सरांनी नुसती मान हर्षलकडे वळवली.

“अरे, यायनं तर मले मघाशीच सांगतलं,” साहेब खुशीत म्हणाले. “सगळं ओके हाय म्हणे. एकदम नव्यावानी. मी तर तसं कळवून मोकळा झालो.”

हर्षल उठून उभा राहिला. त्यानं सरांकडे पाहिलं. सर बुटाची नाडी बांधत होते. एकच नाडी. फार वेळ.

“साहेब,” हर्षल म्हणाला, “मघाशी मी सांगितलं ते चुकीचं होतं.”

“काय चुकीचं?”

“हा क्रशरचा अडकतोय. बाकीचेही अडकत असणार. मी मोजायच्या आधीच त्यांना तेल मारलं, म्हणून आज ते चालताहेत. तेल उडून गेलं की पुन्हा तसेच होतील. एकेक खोलून आतलं जुनं ग्रीस काढायला लागेल.”

“म्हणजे आज नाही?”

“आज नाही. उद्याही सांगता येत नाही.”

साहेबांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. सिमेंटच्या कारखान्यात माणसाला एवढ्या दोनच रंगांचं होता येतं.

“चालते म्हणता, आन् चालू करू नोका म्हणता! काहून बा? आज चालते नं? मग आज चालवू. पुढच्या वर्षी पाहू ग्रीस-फ्रीस.” ते सरांकडे वळले. “तुमाने सर, तुमी तरी समजावा या पोराले. जुनं माणूस हाव तुमी.”

सर उठले. भिंतीला धरत खोलीच्या टोकाशी गेले. तिथं मुख्य स्विचचा दांडा होता, आणि दांड्याला सरांचं लाल कुलूप.

या धंद्याची ही एक रीत आहे. वीज तोडून काम करणाऱ्या प्रत्येकानं त्या दांड्याला स्वतःचं कुलूप घालायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. एक जरी कुलूप लटकत असलं, तरी दांडा हलत नाही. आणि ज्याचं कुलूप, त्यानंच ते काढायचं. कारखान्याचा मालक आला तरी.

हर्षल आजवर सरांच्याच कुलपाच्या भरवशावर काम करत आला होता. सर असताना आपलं कशाला, असं त्याचं म्हणणं. त्याच्या वाट्याचं कुलूप होतं त्याच्या पिशवीत, प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट.

सरांनी खिशातून किल्ली काढली. कुलूप उघडलं. काढलं. खिशात टाकलं.

“शाब्बास!” धोटे साहेब म्हणाले. “याले म्हणते अनुभव!”

“सर...?” हर्षल म्हणाला.

सर त्याच्याकडे बघत नव्हते. दम लागल्यासारखे ते दांड्याला पाठ टेकून उभे होते. डोळे मिटलेले.

“सरका नं जी थोडं,” साहेब दांड्याकडे आले. “मी माणूस बोलावतो, दांडा वर कराले.”

“सरकतो,” सर म्हणाले. पण सरकले नाहीत. “गुडघे... जरा थांबा.”

हर्षलनं पिशवी जमिनीवर उपडी केली. पक्कड, पट्ट्या, अर्धा खाल्लेला बिस्किटाचा पुडा. वेष्टन हातानं फाटेना, तेव्हा त्यानं ते दातांनी फाडलं. तो धावत दांड्याशी गेला. सर तेवढ्यापुरते बाजूला झाले. घाईत कुलूप भोकात जाईना. एकदा चुकलं. दुसऱ्यांदा गेलं.

खट्.

किल्ली त्यानं खिशात टाकली. मग खिशावर हात ठेवला.

बाहेरचा हातोडा थांबला होता.

“हे काय?” धोटे साहेब म्हणाले. “हे काय लावलं यानं? मी वर काय सांगू?”

“ब्रेकर अडकतात म्हणून सांगा,” हर्षल म्हणाला. “आणि आधी ओके सांगितलं ते पिंपळशेंडेनं, असं सांगा. माझं नाव घ्या.”

“तुह्या नावानं भट्टी पेटते का रे?” साहेब ओरडले. “तुमाने सर! काढाले सांगा याले ते कुलूप! तुमचा माणूस हाय तो!”

सरांनी बाकड्यावरचा रुमाल उचलला. झटकला. घडी करून खिशात ठेवला. मग खांद्याला पिशवी अडकवून, एक गुडघा ओढत, दाराकडे चालू लागले.

“अहो सर! मी तुमाले विचारून राहिलो!”

दारातलं ऊन डोळ्यांवर आलं तेव्हा सर थांबले.

“मला काय विचारता, धोटे साहेब? किल्ली त्याच्या खिशात आहे.”