कमान आधी, आड मागाहून

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा गावोगावच्या शाळा झाडाखाली भरत. पण डोंगराच्या कुशीतल्या एका गावात मात्र शाळेला चांगली दगडी इमारत होती. ती गावच्या पाटलानं बांधलेली. पाटील मनानं वाईट नव्हता. गावातलं एकही लेकरू, मुलगा असो की मुलगी, अक्षराविना राहू नये, असं त्याला मनापासून वाटे.

शाळेत पाणी मात्र नव्हतं. तहान लागली की पोरं शेजारच्या तळ्यावर ओंजळी भरत. आडोसाही नव्हता. सगळी तळ्याकाठच्या झुडपांमागंच जात, आणि पाऊस पडला की काठावरची घाण वाहत तळ्यात उतरे.

एके दिवशी शाळेचे पंतोजी पाटलाकडे आले.

"पाटील, शाळेला एक आड खणून द्या. पोरांसाठी आणि पोरींसाठी वेगवेगळे शौचकूप बांधा. मोठ्या मुली लाजेपायी शाळेत यायच्या बंद झाल्यात."

पाटील हसला. "पंतोजी, आमच्या सात पिढ्या त्याच तळ्याचं पाणी पिऊन धट्ट्याकट्ट्या झाल्या. पुढच्या साली बघू. यंदा राजेसाहेब यायचेत. शाळेपुढं कमान उभी करायचीय."

"राजेसाहेब एक दिवस येतील, पाटील. पोरं रोज येतात."

पाटलानं विषय बदलला.

कमान झाली. पाथरवटांनी तिच्यावर मोर कोरले, कमळं कोरली. राजा आला, कमान बघून खूश झाला, पाटलाच्या खांद्यावर शाल घालून गेला. तळ्याकडे त्याला कुणी नेलंच नाही.

पाटलाची नात गोजरा त्याच शाळेत जाई. पाटील रोज सकाळी स्वतःच्या हातानं घरच्या आडाचं पाणी फिरकीच्या तांब्यात भरून तिला देई आणि बजावे, "तळ्याचं पिऊ नको हं बाळ. बाधतं."

पाऊस सरता सरता गावात ओकाऱ्या-जुलाबाची साथ आली. एका दुपारी गोजराला शाळेतून उचलूनच घरी आणलं. पाटील तिच्या उशाशी बसला.

"अगं, घरचं पाणी दिलं होतं ना तुला?"

"ते मी ठकूला दिलं, आजोबा." ठकू म्हणजे कुंभाराची लेक, गोजराची मैत्रीण. "तिचं पोट दुखत होतं. तळ्याच्या पाण्याला वास येतो म्हणाली."

"आणि तू?"

"मी सगळ्यांबरोबर तळ्याचंच प्यायले."

पाटलानं घोडं धाडून दूरगावचा वैद्य आणवला. वैद्य रात्रंदिवस उशाशी बसला, आणि गोजरा वाचली. मग तो कुंभाराच्या घरी गेला. तोवर ठकू गेली होती.

पाटील कुंभाराच्या दारात जाऊन उभा राहिला. आता हा चार शब्द सुनावेल, असं त्याला वाटलं. सुनावले असते तर बरं झालं असतं. पण कुंभार डोळे पुसत म्हणाला, "पाटील, तुमची नात लई गुणाची. ठकी शेवटपर्यंत तिचंच नाव घेत होती. तिच्या तांब्यातलं पाणी लई ग्वाड लागलं म्हणाली."

दुसऱ्या दिवशी पाटील स्वतःच पंतोजींकडे गेला.

त्याच हिवाळ्यात शाळेच्या अंगणात आड खणला. थोडं खोल गेल्यावर स्वच्छ पाणी लागलं. शौचकूपही झाले, आणि घरी बसलेल्या मोठ्या मुली पुन्हा शाळेत येऊ लागल्या. आडाला पाटलाचं नाव द्यावं, असं गावकरी म्हणाले, तेव्हा पाटलानं नुसते हात जोडले.

पहिला पोहरा वर आला, तेव्हा गोजरा शेजारीच उभी होती.

"आजोबा, पाणी इतकं जवळ होतं?"

"हो, बाळ."

"मग आधी का नाही काढलं?"

पाटलानं मान वळवून कमानीवरच्या मोरांकडे बघितलं. मग पोहरा कलता करून आडाचं पहिलं पाणी तिच्या ओंजळीत ओतलं.

तात्पर्य: जे पाणी आपल्या लेकराला देववत नाही, ते कुणाच्याच लेकराच्या ओंजळीत पडू देऊ नये.