कातारी आणि पावट्याचा वेल

नदीकाठच्या एका गावात सावळाराम नावाचा कातारी राहायचा. लाकूड चाकावर चढवायचं, पटाशीनं तासायचं आणि त्यातून लाटणी, पाळण्याचे खुंट, भोवरे काढायचे, हा त्याचा धंदा. हातात कसब होतं, पण माणसाला एक खोड होती. डुलणारी वस्तू त्याला बघवत नसे. ताट डुललं की त्याखाली चिंधीची घडी घाल, समई डुलली की खापरी सरकव, पाहुणा पाय हलवत बसला तर त्याच्या गुडघ्यावर हात ठेव, असं त्याचं दिवसभर चालायचं.

भोवऱ्यांच्या बाबतीत तर विचारूच नका. नवा भोवरा झाला की तो दोरी गुंडाळून अंगणात फेकायचा. जमिनीवर आल्याबरोबर भोवरा आधी मान डोलावतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सावळारामाला तेवढा धीर कुठला? मान हलली की तो झडप घालून भोवरा उचलायचा, पुन्हा चाकावर चढवायचा, जरासा तासायचा, पुन्हा फेकायचा. मान पुन्हा हलायचीच. सकाळी पेरूएवढा असलेला भोवरा संध्याकाळी बोराएवढा व्हायचा.

"सावळाराम, मी नातवासाठी भोवरा सांगितला होता," शेजारच्या जनाकाकू एकदा म्हणाल्या. "ही तर सुपारी झाली रे."

"काकू, तो डुलत होता."

"डुलू दे की. भोवराच तो, खांब नाही."

सावळारामानं मान हलवली, पण डोक्यात काही शिरलं नाही.

त्याच्या बायकोचं नाव भामा. त्या भागात अशी रीत होती, की मुलगी सासरी निघाली की आई तिच्या ओटीत घरच्या पावट्याचं बी घालायची. मुलगी ते दर वर्षी पेरायची आणि त्यातलंच बी पुढच्या वर्षाला राखायची. भामाची आई आदल्या साली वारली. त्याच साली मडक्यात कीड शिरली आणि राखलेलं बी पोखरून गेलं. बऱ्या दिसल्या तेवढ्या बिया भामानं दाराशी पेरल्या, त्यातली एकच उगवली. आईच्या हातचं आता तेवढंच उरलं होतं. भामा जाता-येता त्या रोपाकडे बघायची. सावळारामालाही त्याची माया होती, आणि ती मायाच पुढे नडली.

रोप वीतभर झालं तेव्हा भामाच्या बहिणीचे दिवस भरत आले. आई नाही म्हटल्यावर बाळंतपणाला भामालाच जायला हवं होतं. तिनं रोपाशेजारी एक काठी रोवली आणि नवऱ्याला बजावलं, "पाणी तेवढं घाला. बाकी काही करू नका."

"एवढ्याशा रोपाला मी काय करणार आहे?"

"तुमच्या हातांचा मला भरवसा नाही," भामा म्हणाली आणि बैलगाडीत जाऊन बसली.

थोडे दिवस बरे गेले. मग रोपाला लांब कोवळा शेंडा फुटला आणि तो शेंडा डुलू लागला. सकाळी पाहावं तर गोठ्याकडे वाकलेला. न्याहारी करून यावं तर रस्त्याकडे. थोड्या वेळानं तुळशीकडे. सावळाराम वाकून रोपाचं बूड बघायचा. वारा नाही, वादळ नाही, मग हा हलतो कशाला? मुळं तर सुटली नसतील? हा पडणार, मोडणार, आणि भामा येऊन विचारणार. त्याचा घास हातातच राहू लागला. पटाशी भलतीकडेच चालू लागली. लाकूड तासता तासता तो उठून दारात यायचा, शेंडा बघायचा, आत जायचा, की पुन्हा बाहेर.

शेवटी त्याला राहवेना. त्यानं भोवऱ्याची दोरी आणली, शेंडा काठीला टेकवला आणि भोवऱ्यावर गुंडाळतात तशी दोरी खालपासून वरपर्यंत गच्च गुंडाळली. शेंडा हलायचा थांबला. त्या दिवशी सावळाराम पोटभर जेवला.

पुढे शेंडा पिवळा पडला. सावळारामानं घाबरून दोरी सोडायला घेतली, तर दोरीबरोबर शेंडाही हातात आला.

तो मटकन अंगणात बसला. त्याला रडू आलं. बराच वेळ गेल्यावर, काहीच सुचेना म्हणून, त्यानं जवळ पडलेल्या भोवऱ्याला तीच दोरी गुंडाळली आणि भोवरा फेकला. भोवऱ्यानं मान डोलावली. एरवी तो झेपावला असता, पण आज उठायचं त्राणच नव्हतं. भोवरा एकदा बराच झुकला, मग जरा कमी झुकला, आणि मग आपला आपण ताठ उभा राहून फिरू लागला. सावळाराम बघतच राहिला. जन्मभर भोवरे केले, पण भोवरा असा सावरलेला त्यानं पहिल्यांदाच पाहिला.

त्यानं रोपाला पाणी घालायचं सोडलं नाही. एके सकाळी मोडल्या जागेच्या खाली, पानाच्या बेचक्यात, त्याला नवा कोंब दिसला. कोंब वाढला, लांबला आणि तोही डुलू लागला.

आता खरी कसोटी होती. सावळारामानं दोरी जनाकाकूंकडे ठेवायला दिली आणि तो रोपापाशी जमिनीवर बसला. हात शिवशिवत होते. शेंडा काठीपासून दूर गेला की त्याचा जीव खालीवर व्हायचा. एकदा तर शेंडा काठीच्या अगदी जवळून गेला आणि तिला न शिवता पुढे निघून गेला. सावळाराम अर्धा उठला. पण पुन्हा बसला. रोज काम उरकलं की तो असाच येऊन बसायचा, आणि मनातून त्याला रोज धास्ती वाटायची. मग एका दुपारी फिरता फिरता शेंडा काठीला टेकला आणि तिथंच राहिला. संध्याकाळपर्यंत त्यानं काठीभोवती एक सैलसा वळसा घेतला होता.

भाचीचं बारसं आटोपून भामा परतली, तेव्हा वेल काठीच्या टोकाला पोचला होता. तिनं वेल पाहिला, मग बुडाशी वाळलेला तुकडा पाहिला.

"हे काय?"

"मी बांधला, तो मोडला," सावळाराम म्हणाला. "हा त्याच्याच खालून फुटला. ह्याला मात्र हात लावला नाही."

"मग इतके दिवस हात होते कुठे?"

"मांड्यांखाली. हातांवरच बसून होतो."

भामाला ते खरं वाटेना. तिनं त्याचे तळवे उलटून पाहिले. त्यांवर अंगणातल्या खड्यांचे वण उमटले होते.

शेंगा वाळल्या तेव्हा तिनं बी सोललं, मडक्यात भरलं आणि ते मडकं राखायला सावळारामाच्या हातात दिलं.

तात्पर्य: डुलणारं सगळंच पडणारं नसतं. जे आपला तोल शोधत असतं, त्याला जखडलं तर ते मोडतं. अशा वेळी आपले हात आवरणं हीच खरी माया.