आवडाचा बुंधा, सुरंगीचा शेंडा

खाडीकाठच्या एका गावात, एका संध्याकाळी, एक काठी सुटेना. गोष्ट एवढीशीच. पण तिच्यावरून एका घरात भांडण पेटलं.

ही काठी गळाची, मासे धरायची. सुरंगीच्या सासऱ्यांनी, अप्पांनी, ती बांबूची बनवली होती आणि तिचे दोन तुकडे ठेवले होते. खालचा जाड तुकडा म्हणजे बुंधा. त्याच्या तोंडाशी पितळेची नळी बसवलेली. वरचा बारीक तुकडा म्हणजे शेंडा. त्याचं खालचं टोक अप्पांनी असं तासलं होतं की ते नळीत सरळ शिरावं आणि शेवटी हळूच थांबावं. दोन्ही तुकड्यांवर एकेक ठिपका डागलेला. ठिपक्यासमोर ठिपका धरायचा, थोडं दाबायचं, की झालं. मग मासा कितीही ओढो, सगळी काठी एकाच बांबूची असल्यासारखी वाकायची. सांधा कुठे आहे ते हातालाही कळायचं नाही.

अप्पा जाताना बुंधा मुलीला देऊन गेले आणि शेंडा सुनेला. मुलगा बाबल म्हणाला, "आणि मला काय?"

अप्पा म्हणाले, "तुला मासे."

मुलीचं नाव आवडा. नवरा वारल्यावर ती माहेरी येऊन राहिली होती. अंगणाच्या एका टोकाला तिची खोली, दुसऱ्या टोकाला बाबल आणि सुरंगीचं घर. भरती लागली की नणंद-भावजय बांधावर जायच्या. आवडा बुंधा आणायची, सुरंगी शेंडा. काठी जोडायची, गळाला कोळंबी लावायची आणि आळीपाळीने बसायचं. परतताना काठी सोडायची, आणि आपापला तुकडा आपापल्या घरी. एकीला दुसरीवाचून मासा मिळायचा नाही. शेजारणी म्हणायच्या, "ह्या दोघी भांडल्या तर खाडीतल्या माशांना सुट्टीच!"

पण त्या भांडायच्या नाहीत. आवडा धीट होती, मोठ्याने हसणारी. सुरंगी जरा भित्री. भांडं पडलं तरी दचकायची. दाराला कडी लावून झाली की परत येऊन ती हलवून बघायची. आवडा तिला चिडवायची, "वहिनी, कडी पळून जात नाही गं." सुरंगी हसायची, आणि तरीही एकदा हलवून बघायचीच.

मग एक दिवस पैलतीरावरून निरोप आला. आवडाची म्हातारी मावशी अंथरुणाला खिळली होती. तिला बघायला दुसरं कोणी नव्हतं. आवडाने तिकडे राहायला जायचं ठरवलं. बुंधा ती बरोबर नेणार होती, शेंडा इकडे राहणार होता. "मी येईन तेव्हा काठी जोडू," ती म्हणाली. "तोवर तुझा शेंडा सांभाळ, माझा बुंधा मी सांभाळते. काठीसाठी तरी मला यावंच लागेल."

जायच्या आदल्या दिवशी दोघी शेवटचं गरवायला, म्हणजे गळ टाकून मासे धरायला, बसल्या. मागच्याच भरतीला एका दांडग्या तांबोशी माशाने हिसका दिला होता आणि शेंडा नळीतून निसटून पाण्यात पडला होता. बाबलने उडी मारली म्हणून तो सापडला. ते सुरंगीच्या मनातून जाईना. आज तो वाहून गेला तर? आजच गेला तर? आवडा कोळंबी सोलत होती, तेवढ्यात सुरंगीने शेंडा नळीत दाबला. मग आणखी दाबला. मग काठी दगडावर टेकवून, ओठ आवळून, अंगातला सगळा जोर लावून दाबला. टोक ओलं होतं. ओला बांबू फुगतो, हे त्या घाईत तिला सुचलं नाही.

उजेड उतरला तेव्हा काठी सुटेना ती अशी.

"अडकली वाटतं," सुरंगी हळूच म्हणाली.

"आण इकडे," आवडा म्हणाली. तिने आपला बुंधा धरला. सुरंगीने आपला शेंडा धरला. दोघींनी ओढलं. काही झालं नाही. मग आवडाने पाय रोवून हिसका मारला, आणि घाबरून सुरंगीनेही मारला. चर्र, असा आवाज झाला. नळीखाली बांबूला केसाएवढी चीर गेली.

आवडाने चिरेवरून बोट फिरवलं.

"उद्या मी निघणार, आणि आज काठी अडकली होय?" आवडा म्हणाली.

"म्हणजे काय?"

"म्हणजे अख्खी काठी तुझ्याच घरात राहील. दुसरं काय?"

"वन्सं! मी काय चोर आहे?"

"तसं मी म्हटलं नाही. तूच म्हणालीस."

आवाज ऐकून बाबल आला. आधी त्याने सांध्यावर खोबरेल ओतलं. काठी निघाली नाही, फक्त सगळ्यांचे हात बुळबुळीत झाले. मग तो घरात जाऊन करवत घेऊन आला. "एवढं काय त्यात? नळीपाशी कापून टाकतो. हिचं हिला, तिचं तिला."

"खबरदार दादा!" आवडा ओरडली.

"अहो, ठेवा ती आधी!" सुरंगी ओरडली.

त्या संध्याकाळी दोघींचं एकमत झालं ते एवढ्याच गोष्टीवर. आवडा आपल्या खोलीत गेली. काठी सुरंगीच्या ओटीवर राहिली.

सकाळी सुरंगी चहा घेऊन आवडाच्या खोलीकडे गेली, तर दाराला बाहेरून कडी. कडी काढून पाहिलं, आत ट्रंकही नव्हती. ती न सांगता निघाली होती. सुरंगीने कप तिथेच उंबऱ्यावर ठेवला, ओटीवरची काठी उचलली आणि धक्क्याकडे पळत सुटली.

एवढी लांब काठी घेऊन पळणं सोपं नव्हतं. काठी आधी छपराच्या पागोळीला अडकली. मग शेवग्याच्या फांदीला. मग कोणाच्या तरी वाळत घातलेल्या लुगड्यात. विहिरीवरची एक बाई म्हणाली, "काय गं सुरंगे, आभाळातले मासे धरायला निघालीस?" एरवी सुरंगी लाजून चूर झाली असती. आज तिने ऐकलंसुद्धा नाही.

ती धक्क्यावर पोचली तेव्हा पैलतीराची होडी सुटली होती. पण अजून फार लांब गेली नव्हती. होडीवाले धाकूकाका बांबूने रेटत होते. आवडा ट्रंकेवर बसली होती, धक्क्याकडे पाठ करून.

"वन्सं!" सुरंगीने हाक मारली. "मी मुद्दाम नाही केलं!"

आवडा हलली नाही.

"वन्सं! शेंडा वाहून जाईल म्हणून मला भीती वाटली! म्हणून मी दाबला! एवढंच!"

धाकूकाका म्हणाले, "आवडाबाय, तुला हाक मारतायत."

"कान आहेत मला," आवडा म्हणाली आणि पाण्याकडे बघत बसली.

सुरंगीला रडू फुटलं. मी खरं तेच सांगतेय, आणि ह्यांना ऐकायचंच नाही! आता परत जावं. काठी ओटीवर ठेवावी. आपली चूक नव्हती, एवढं तरी आपल्याला ठाऊक आहे. ती वळलीसुद्धा.

वळताना काठी जड लागली म्हणून तिने खाली पाहिलं. वाटभर तिने आपला शेंडा छातीशी घट्ट धरून ठेवला होता. बुंधा मागे फरफटत आला होता. आवडाचा बुंधा. चिखलाने माखलेला, काल गेलेल्या चिरेत वाळू भरलेली.

सुरंगी थांबली. तिने बुंधा उचलून मांडीवर घेतला आणि पदराने पुसला. चिरेतली वाळू फुंकरीने काढली. पुसता पुसता तिला अप्पांची आठवण झाली. ते आवडाचे वडील होते. त्यांच्या हातची एकच वस्तू आवडाजवळ होती, आणि तीही इथेच राहिली होती. पुढे आजारी मावशी, परकं घर, आणि हात रिकामे. आपण त्या ट्रंकेवर बसलो असतो तर? आपल्याला काय वाटलं असतं?

जे वाटलं असतं, ते आवडा काल बोलली होती.

होडी आता लांब गेली होती. सुरंगी धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर उतरली. पाणी घोट्यापर्यंत आलं. एरवी ती इथे कधी उतरत नसे. शेवाळावरून पाय घसरेल, ही तिची नेहमीची भीती.

"वन्सं!" ती ओरडली. "तुम्ही रिकाम्या हातांनी चाललात! मी तुमच्या जागी असते ना, तर मलाही हेच वाटलं असतं! मी तर तुमच्यापेक्षा जास्त भांडले असते!"

तिने बुंधा वर उचलून दाखवला.

"आणि वन्सं, तुम्ही जाऊ नये असं मला वाटत होतं! ते खोटं नाही! पण काठी तुमचीही आहे! बुंधा तुमचाच आहे!"

एक बगळा उडाला, तेवढ्यानेही सुरंगी दचकली. पण पायरीवरून हलली नाही.

मग आवडा उठून उभी राहिली. होडी अशी डुलली की धाकूकाकांनी देवाचं नाव घेतलं. तिने पदराने डोळे पुसले, दोन्ही हात तोंडाशी धरले, आणि तिचा तो मोठा आवाज साऱ्या खाडीवरून आला:

"अगं वेडे, मागे हो, पडशील! आणि काठी एकटी ओढू नकोस! काल रागात मलाच सुचलं नाही. आपण दोघी आपापलंच धरून बसलो, म्हणून ती चिरली. तुझा एक हात शेंड्यावर राहू दे, एक माझ्या बुंध्यावर. मीही दोन्हीकडे एकेक हात ठेवते. म्हणजे हिसका वाकडा बसणार नाही, मग सरळ ओढू. थांब तिथेच, मी आले! धाकूकाका, होडी वळवा!"

तात्पर्य: भांडणात दोघेही फक्त आपलीच बाजू धरून ओढत राहिले, तर नात्याला चीर जाते. एक हात समोरच्याच्या बाजूलाही ठेवावा, म्हणजे अडलेलं न मोडता सुटतं आणि पुन्हा जोडता येतं.