बॉनेटवरचं मांजर

शेलारमॅडम शाळेत पीटी शिकवायच्या, पण जीव अडकलेला एका जपानी गाडीत. लाल, बुटकी, उभ्या जागी गुरगुरणारी! कॉलेजात असल्यापासून तिचा फोटो त्यांच्या कपाटाला चिकटवलेला.

शेवटी तसलीच एक जुनी गाडी गावात विकायला आली. ऐन थंडीत मॅडम सकाळीच कुडकुडत मालकाच्या गॅरेजात हजर. मालक गुंडेशेठ गॉगल लावून म्हणाला, "बाई, ही भाजी आणायची गाडी नाय."

"गार इंजिन चालू करून दाखवा. गरम इंजिन खोड लपवतं."

"गारच हाय की! कालपास्नं किल्लीला हात नाय लावला. खोटं निघालं तर मिशी उतरवीन!"

बॉनेटवर शेठचं मांजर पाय ताणून मस्त घोरत होतं. मॅडम त्याच्याकडं बघतच राहिल्या.

"शेठ, बाहेर कोवळं ऊन पडलंय, कोपऱ्यात गोणपाटं आहेत. मग तुमचं मांजर गारठलेल्या पत्र्यावर का झोपलंय?"

शेठचा हात गपकन मिशीवर गेला.

मॅडमनी मांजराशेजारी स्टूल ओढलं आणि त्या लाल पत्र्यावरनं हळूच हात फिरवला.

"निवू दे. कॉलेजपासून थांबलेय, अजून दोन तास काय!"