गुणाजीच्या कळा

बोरखेडीत गुणाजी नावाचा एक भोळा माणूस राहायचा. पिठाच्या गिरणीवर कामाला होता. एकदा एक बाई म्हणाली, "पिठाकडे जरा बघ रे, मी आलेच." बाई परत आली तर डबा भरून पीठ जमिनीवर सांडत होतं आणि गुणाजी अगदी मन लावून बघत होता. आता त्याचं तरी काय चुकलं, सांगा. बघच म्हणाली होती ना?

या गुणाजीची बायको सुगंधा. तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण सुगंधाला आई नव्हती. माहेरी होती एक चुलती, आणि त्या चुलतीला अडलेल्या बाळंतिणींच्या गोष्टी सांगायची भारी हौस. त्या ऐकून ऐकून सुगंधाची झोप उडाली. पोटात बाळ हललं तरी तिला घाम फुटायचा. "मी काही यातून वाचत नाही," असं ती रोज म्हणायची.

तालुक्याच्या दवाखान्यात आवटे सिस्टर दर बुधवारी गरोदर बायकांचा वर्ग घ्यायच्या. बाळंतपणात काय काय होतं, कळ आली की श्वास कसा घ्यायचा, सगळं शिकवायच्या. बाकीच्यांबरोबर त्यांच्या आया आल्या. सुगंधाबरोबर गुणाजी आला. चटईवर बायकांच्या घोळक्यात हा एकटाच मिशीवाला.

सिस्टर म्हणाल्या, "कळ येऊन कण्हायला लागलं की सोबतच्या माणसाने मागे बसायचं, कंबर चोळायची आणि म्हणायचं, श्वास घे, श्वास सोड."

गुणाजीने पाठ केलं. दुसऱ्या दिवशी सरपंच चावडीवर गाल धरून कण्हत बसले होते. दाढ ठणकत होती बिचाऱ्यांची. गुणाजी गुपचूप मागे बसला आणि सरपंचांची कंबर चोळू लागला. "श्वास घ्या, श्वास सोडा." सरपंचांनी श्वास सोडला आणि हात उगारला.

हे ऐकून सुगंधाने तोंडाला पदर लावला. बऱ्याच दिवसांनी हसली बाई.

पुढच्या बुधवारी सिस्टर म्हणाल्या, "अहो गुणाजीभाऊ, असं एकदम चोळायचं नसतं. आधी विचारायचं, किती किती वेळाने येतंय?"

"आधी विचारायचं," गुणाजी म्हणाला.

त्याच आठवड्यात शेजारची म्हातारी वारली. तिची सून दारात बसून गळा काढत होती. मध्येच थांबायची, परत गळा काढायची. गुणाजी जवळ गेला आणि हळूच म्हणाला, "वहिनी, किती किती वेळाने येतंय?"

"नवीन माणूस दारात आलं की," सून बोलून गेली.

सगळी भावकी तिच्याकडे बघायला लागली. त्या घरात गुणाजीला पुन्हा कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही.

सिस्टर म्हणाल्या, "रडणाऱ्या बाईला प्रश्न कसले विचारता? तिला धीर द्यावा. म्हणावं, झालंच आता, थोडा जोर लाव, बाळ आलंच बाहेर."

मग सरपंचांच्या मुलीचं लग्न लागलं. पाठवणीच्या वेळी पोरगी आईच्या गळ्यात पडून हुंदके देत होती. गुणाजी गर्दीतून वाट काढत पुढे झाला. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "रडू नको ताई. थोडा जोर लाव, बाळ आलंच बाहेर."

बँड थांबला. नवरदेवाने फेटा काढून हातात घेतला. व्याही सरपंचांकडे बघायला लागले. त्यांची समजूत घालता घालता वरात निघायला संध्याकाळ झाली.

इकडे सुगंधा हसून हसून भिंतीला टेकली. चुलतीच्या गोष्टी आठवायला तिला सवडच मिळेना. ती वर्गात चार प्रश्न विचारू लागली, घरी श्वासाचा सराव करू लागली, शांत झोपूही लागली. भीती आता गुणाजीला वाटत होती. आपल्याकडून काही चुकलं तर सुगंधाचं कसं होणार, या विचाराने त्याची अन्नावरची वासनाच उडाली.

सिस्टरनी त्याला बाजूला घेतलं. "गुणाजीभाऊ, शिकवलेलं सगळं विसरा. फक्त सुगंधा म्हणेल ते करायचं. उलट विचारायचं नाही."

आणि तो दिवस उजाडला. कळा सुरू झाल्या. सिस्टरनी सांगितलं म्हणून सुगंधा दवाखान्यातल्या बाळंतपणाच्या खोलीतच येरझाऱ्या घालत होती. गुणाजी तिच्यामागे मुकाट्याने चालत होता. सिस्टर हात धुवायला गेल्या आणि एक जोराची कळ आली. सुगंधा वैतागून म्हणाली, "तुमचं काय जातंय नुसतं मागे फिरायला? झोपा की माझ्या जागी, म्हणजे कळेल."

सिस्टर परत आल्या तर गुणाजी बाळंतिणीच्या टेबलावर आडवा. गुडघे वर, डोळे घट्ट मिटलेले. "श्वास घे, श्वास सोड." सुगंधा खाट धरून हसत होती, कण्हत होती, परत हसत होती. गुणाजीला उतरवायला वेळ कुणाला होता? सिस्टरनी तिला शेजारच्या खाटेवर घेतलं. थोड्याच वेळात बाळाचं रडणं खोलीभर झालं.

"मुलगी झाली," सिस्टर म्हणाल्या.

गुणाजीने डोळे न उघडताच विचारलं, "सुगंधा मोकळी झाली का? चांगलं झालं. सिस्टर, आता जरा इकडे बघा. मी केव्हाचा जोर लावतोय, माझं अजून काहीच बाहेर येत नाही."