बापूसाहेब गेटवर अडले

"प्रवेश नाही!" खडकेश्वर दूध संघातले सगळे संगणक सोमवारी सकाळपासून हेच सांगत होते. सगळ्यांची नावं आणि पासवर्ड एकाच मोठ्या यंत्रावर ठेवलेले. रविवारी संगणक विभागातल्या निरंजनने सॉफ्टवेअरची एक लायब्ररी, म्हणजे यंत्रांना आपसात बोलायला लावणारा भाग, काढून नवी घातली, तेव्हापासून कुणाचंच लॉगिन होईना. नोंद होत नसल्यानं दुधाचे नऊ टँकर आवारात उन्हात खोळंबले होते.

अध्यक्ष बापूसाहेबांनी फर्मान काढलं, "अकराच्या आत सुरू कर. जुनी लायब्ररी परत घालायची नाही, सुरक्षेची तपासणी बंद करायची नाही. नाही जमलं तर घरी बस!" आणि ते मिसळ खायला निघून गेले. चिडले की त्यांना भूक लागते.

निरंजन गेटवर येऊन डोक्याला हात लावून बसला. तिथं शेवंताबाई होत्या, महिन्याभरापूर्वी लागलेल्या रखवालदार.

"पासवर्ड चुकतोय का, दादा?"

"पासवर्डपर्यंत गोष्ट जातच नाही. नवी लायब्ररी मोठ्या यंत्राशी बोलायलाच तयार नाही."

"नवी आहे ना, मग ओळखपत्र बघत असेल. आधीचे भिकूकाका नुसता सलाम ठोकायचे. मी कार्ड बघते. तुमच्या यंत्राला कार्ड असतं का?"

निरंजन ताडकन उठला, धावत जाऊन बघून आला आणि तोंड पाडून म्हणाला, "असतं, त्याला प्रमाणपत्र म्हणतात. त्या कार्डावर नाव आहे 'संघ-एक'. पण स्वतःच्या वाढदिवसाला अध्यक्षांनी यंत्राचं नाव बदलून 'बापूसाहेब' ठेवलं. जुनी लायब्ररी कार्ड बघतच नव्हती. नव्या कार्डाला त्यांची सही लागते. पण 'तुमच्या नावापायी दूध नासतंय' हे त्यांना सांगायचं कुणी?"

"मी सांगते. तुम्ही कागद तेवढा आणा."

बापूसाहेबांची गाडी आली. शेवंताबाईंनी गेट उघडलं नाही.

"साहेब, ओळखपत्र."

बापूसाहेबांनी चडफडत कार्ड काढलं. शेवंताबाईंनी ते सावकाश वाचलं. "नामदेव सखाराम थिटे. माझ्या यादीत तर 'बापूसाहेब' आहे. हे थिटे कोण?"

"अगं बाई, मीच तो!"

"असाल. पण नाव जुळल्याशिवाय कुणाला सोडायचं नाही, हा हुकूम तुमचाच. सकाळपासून आपलं यंत्रही असंच अडलंय. नावानं बापूसाहेब, कार्डावर संघ-एक."

बापूसाहेब पोट धरून हसले. "म्हणजे माझं नाव काढायचं?"

"कशाला? त्याला तुमच्या नावाचं कार्ड द्या."

बॉनेटवर कागद ठेवून सही झाली. पाव तासात लॉगिन सुरू झालं आणि टँकर रिकामे होऊ लागले.

"बोला शेवंताबाई, काय हवं?"

"हे स्टूल मोडलंय, साहेब. एक चांगली खुर्ची द्या."

"दिली! आता तरी गेट उघडा."

"नाव कुठं जुळलंय अजून? यादी दुरुस्त होऊ द्या की."

खुर्ची आली. यादी दुरुस्त होईपर्यंत त्या खुर्चीवर पहिल्यांदा बापूसाहेबच हसत बसले.