भिवरा कोष्टीण आणि पडकी भिंत

फार वर्षांपूर्वी, म्हणजे आमच्या खैरबोडी गावच्या तळ्याच्या पाळीवर आज जी चिंच उभी आहे तिचा चिंचोकाही कुणी चोखून फेकला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. मी ऐकली तशी सांगतो. त्यातलं खरं किती आणि वाढवलेलं किती, हे मला विचारू नका. गावाला तर मुळीच विचारू नका, कारण आमचं गाव पहिल्यापासून संशयी. इथं वाटसरूनं पाणी मागितलं, तर पाणी देतात, पण तो विहिरीत आधी का डोकावला यावर दोन दिवस बोलत बसतात.

त्या काळी गावात कोष्ट्यांची नऊ घरं होती, असं म्हणतात. जमिनीत खड्डा खणून माग बसवलेला, विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसलेला, आणि दाराला आतून कडी. विद्या बापाकडून मुलाकडं जायची. मुलींनी फक्त कांड्या भरायच्या, म्हणजे धोट्यात बसणारं सूत रहाटावर गुंडाळून द्यायचं, आणि तेही भिंतीकडं तोंड करून. मागाकडं पाठ. मुलगी उद्या सासरी जाणार, तिनं माग पाहिला तर विद्याही तिच्याबरोबर परगावी जाईल, ही भीती.

मग एका वर्षी मरीची साथ आली. नवापैकी आठ घरांची दारं बंद झाली ती पुन्हा उघडली नाहीत. उरला एकटा सदोबा कोष्टी. त्याला मुलगा नव्हता. पुतळा नावाची एक लेक होती, ती लग्नानंतर वर्षभरातच कपाळ पुसून माहेरी आलेली. सदोबाची नजर मंदावली, मागावर धूळ बसली, आणि गाव चार कोसांवरच्या बाजारातून कापड आणू लागलं. पुतळानं बापाला तीनदा विचारलं, मला शिकवता का. तिन्ही वेळा तो एकच बोलला, की विद्या माझ्याबरोबर सरणावर जाईल, पण बाईमाणूस मागावर बसणार नाही. पुतळा कांड्या भरत राहिली. कुणासाठी भरत होती कोण जाणे, माग तर थांबलेला होता.

अशात एके दिवशी डोक्यावर विणताना धागे ठोकून बसवायची मागाची फणी आणि काखेत गाठोडं घेऊन एक म्हातारी गावात आली. नाव सांगितलं भिवरा. गाव सांगितलं नाही. इथंच गावाचे कान टवकारले.

ती सरळ बोडीकाठच्या, म्हणजे तळ्याकाठच्या, पडीक मागघरात जाऊन राहिली. ते मागघर सदोबाच्या बापाचं. त्याची तळ्याकडची भिंत पावसानं पडलेली, तिथं बाभळीच्या काट्यांची झाप लावून दिलेली. म्हातारीनं पहिलं काम काय केलं असेल, तर दाराशेजारच्या भिंतीतली चार ढेकळं काढली. आत बुजवलेली खिडकी निघाली. तिथं खिडकी होती हे गावात कुणालाच आठवत नव्हतं. मग हिला कसं कळलं? झालं, गावाला महिनाभराचा चारा मिळाला.

दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं, ज्याला विणायला शिकायचं असेल त्यानं यावं. जात विचारणार नाही, वय विचारणार नाही, बाई की बुवा तेही विचारणार नाही. दक्षिणा नको. फक्त प्रत्येकानं घरात अंगावर वापरून जुन्या झालेल्या कापडाचे मूठभर धागे उपसून आणायचे.

आता तुम्हीच सांगा, अंगावरच्या कापडाचा धागा कुणी का मागतं? करणी करायला मागतं, हे आमच्याकडं दूध पिणाऱ्या पोरालाही माहीत. त्यात तिच्याजवळ करवंटीत राख असायची. ती धाग्याला धागा जोडताना बोटाला राखेची चिमूट लावायची आणि तोंडानं काहीतरी पुटपुटायची. कुणी म्हणालं, राख मसणातली आहे. कुणी म्हणालं, ती प्रत्येक घराचं नाव घेऊन गाठ मारते, म्हणजे घर बांधून टाकते. ती घराचं नाव घेत होती हे खरं. कुणाचे धागे कुठं जोडले ते लक्षात राहावं म्हणून घेत होती. राख तर चुलीतली, धागा बोटातून निसटू नये म्हणून. पण साधं उत्तर समोर असलं की आमच्या गावाला त्याचाच पहिला संशय येतो.

तरी लोक गेले. आधी लटारू ढिवर गेला, कारण त्याचे हात जाळी विणण्यात मुरलेले आणि स्वभाव भोचक. मग कुंभाराची सून गेली. मग एक एक करत अकरा जण झाले. अकरावी पुतळा. बापाला तिनं सांगितलं, शेण वेचायला जाते.

भिवरानं कुणाला धोट्याला हात लावू दिला नाही. पहिले दोन महिने फक्त सांधणी. जुन्या ताण्याचं, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांचं, कापड विणून संपत आलं की मागावर वीतभर धागे सोडायचे आणि त्या प्रत्येक टोकाला नव्या ताण्याचा धागा सांधायचा. माग कधी रिकामा करायचा नाही. लटारूनं कुरकुर केली, की कुजके धागे देऊन काय शिकवता, नवं सूत द्या. म्हातारी म्हणाली, "नवं सूत कोणीबी सांधंल बाप्पा. जुनं सांधता आलं म्हणजे हात शिकला."

अकरा जणांनी गावभरचे धागे सांधून चारशे धाग्यांचा ताणा मागावर चढवला. ते सदोबाच्या कानावर गेलं. आपल्या बापाच्या मागावर परकी बाई बसते आणि ढिवर-कुंभारांना विद्या वाटते, हे ऐकून त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हातारी तळ्यावर सूत धुवायला गेल्याचं पाहून तो आत शिरला आणि चाकूनं ताणा फणीजवळ सरळ आडवा कापला.

कोष्ट्याच्या घरात ताणा असा कधी कापतात ठाऊक आहे? घरातला शेवटचा विणकर मेला की. सदोबाला ते पक्कं ठाऊक होतं.

पण तिसऱ्या दिवशी पाहतात तो ताणा जसाच्या तसा. चारशेच्या चारशे धागे सांधलेले. आणि म्हातारी तर तळ्यावरून आली त्या संध्याकाळपासून तापानं पाटलाच्या गोठ्यात पडून होती. गावाची बोबडी वळली. डोमाजी पाटलानं चावडीवर लोक जमवले. ठरलं असं, की म्हातारीला सकाळपासून चावडीत सगळ्यांच्या डोळ्यांपुढं बसवायचं, सदोबानं ताणा पुन्हा कापायचा, आणि मागघराच्या दारावर पहारा ठेवायचा. दिवस मावळायच्या आत ताणा पुन्हा सांधला गेला, तर ही चेटकीण. मग तिचं डोकं भादरून शिवेपार हाकलायचं आणि माग जाळायचा. नाही सांधला गेला, तर माग संपला असं धरून मागघराला कायमचं कुलूप लावायचं.

भिवरानं आपल्या अकरा शागिर्दांकडं एकदा पाहिलं, असं म्हणतात. मला विचाराल तर तिनं त्यांच्याकडं पाहिलं नसेल, त्यांच्यावर संशय नको म्हणून मुद्दाम पाहिलं नसेल.

सदोबानं ताणा कापला. चार धट्टेकट्टे गडी दाराशी काठ्या घेऊन बसले. दाराला पहारा होता, पडक्या भिंतीला नव्हता. काट्यांतून कोण येतंय, असा त्यांचा हिशेब. दिवस कलला. पाटलानं दार उघडलं. ताणा सांधलेला होता.

तेव्हा जो गलका झाला तो तळ्यापलीकडच्या गावात ऐकू गेला म्हणतात. न्हावी बोलावला गेला. कुणी तरी पलिता आणायला पळालं. भिवरानं आपणहून डोक्यावरचा पदर खाली घेतला आणि न्हाव्यापुढं बसली. वस्तरा भिजवला गेला, आणि गर्दीतून पुतळा पुढं आली. तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ओरखडे होते.

"तिनं नाही सांधलं, बाबा," ती म्हणाली. "मी सांधलं. झापीतून आत गेली होती. पह्यल्या खेपेलेबी मीच गेली होती."

सदोबा म्हणाला, खोटं बोलते. बाईला सांधता येत नाही. मग पुतळानं तिथंच खाली बसून करवंटीतली राख बोटाला लावली, स्वतःच्या पदराचे दोन धागे उपसले आणि सगळ्या गावापुढं सांधून बापाच्या हातात दिले. सांधा पक्का बसला होता. तिला माहीत होतं, की आता एकतर हे घर आपलं राहील किंवा ही विद्या. दोन्ही एकदम राहतील असं तिला वाटत नव्हतं.

एकट्या बाईनं चारशे धागे एका दिवसात सांधले, हे पाटलाला पटेना. तेव्हा लटारू ढिवर घसा खाकरत पुढं आला आणि बंडीच्या बाह्या वर करून उभा राहिला. ओरखडेच ओरखडे. मग कुंभाराची सून. मग एक एक करत दहा जण झाले. त्यातल्या कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. माग बंद पडू नये म्हणून जो तो आपल्या मनानं चोरून गेला होता, आत दुसरा दिसला की मुकाट्यानं शेजारी बसला होता. अकरावं कोण, म्हणून पाटील ओरडला, तर त्याच्याच बायकोनं पदराखालचे हात बाहेर काढले. पाटलानं पलिता विझवायला सांगितलं.

इकडं सदोबा तो सांधा डोळ्यांपाशी नेऊन चाचपत होता. दिसत कमी होतं, पण बोटं विसरत नाहीत. इतर कोष्टी उजव्या अंगठ्यानं पीळ देतात. हा डाव्या अंगठ्याचा होता, टोक आत दडवलेलं. असा सांधा साऱ्या मुलखात फक्त त्याच्या बापाचा होता. तो चाचपडत न्हाव्यापुढं बसलेल्या म्हातारीपाशी गेला.

"हा सांधा आमच्या घरचा होय," तो म्हणाला. "तुले कोणं देल्ला?"

"कोणं नाही देल्ला, दादा," भिवरा म्हणाली. "कांड्या भरता भरता घेतला. तोंड भिंतीकडं होतं, पर खिडकीतून ऊन ये, अन् भिंतीवर बाबाच्या हाताची सावली पडे. तू जाऊन बाबाले सांगतलं. त्यायनं खिडकी बुजवली. पर तोवर माह्यं शिकून झालं होतं."

सदोबाला एक बहीण होती. ठमी नाव. नवव्या वर्षी लग्न करून दूर दिली आणि सासरी रिवाजाप्रमाणं नाव बदललं. मरीत ती गेल्याचा निरोप आला होता, आणि घरानं आंघोळ करून सुतक संपवलं होतं. खिडकीची चुगली आपण केली होती, हे सदोबानं आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं.

तो खाली बसला आणि पोरासारखा रडला. रडणं ओसरल्यावर त्यानं काय केलं, तर उठून मागघरात गेला, रहाटापाशी बसला आणि कांड्या भरू लागला. पहिली कांडी भरून त्यानं पुतळाकडं हात लांबवला. पुतळा खड्ड्यात पाय सोडून मागावर बसली आणि भिवरा सांगेल तसा धोटा टाकू लागली. बापानं डोळ्यांनी तिचं विणणं पाहिलं नसेल, पण फणीचा ठोका ऐकून तो मान हलवत होता, असं म्हणतात. त्या ताण्यावर निघालेल्या कापडाचा बोडीला वेढा बसला आणि वर गावातल्या प्रत्येक घराला एक पंचा उरला, असंही म्हणतात. ते मी मानत नाही. पंचे फार तर निम्म्या घरांना मिळाले असतील.

भिवरा पावसाळा संपेपर्यंत राहिली. एका सकाळी सूत धुवायला तळ्यावर गेली आणि परतली नाही. काठावर धुतलेलं सूत नीट वाळत घातलेलं होतं. कुणी म्हणतं बुडाली. मग फणी कुठं गेली? फणी मागघरात नव्हती. माझा संशय असा, की कुठल्या तरी दुसऱ्या संशयी गावात जाऊन तिनं पुन्हा एक मूठ धागे मागितले असणार.

आजही खैरबोडीत पोळ्यानंतर विणकामाची शिकवणी भरते. येणारा घरच्या जुन्या कापडाचे मूठभर धागे आणतो, आणि ते सांधताना त्याच्या घराचं नाव मोठ्यानं घेतात. मागावर वीतभर जुने धागे ठेवल्याशिवाय कापड उतरवत नाहीत. तो माग आजवर रिकामा झालेला नाही. रहाट मागाकडं तोंड करून मांडतात. मागघराचं छप्पर कितीदा शाकारलं, दार दोनदा बदललं, पण तळ्याकडची ती भिंत कुणी उभारली नाही. काट्यांची झापही काढून टाकली. रस्त्यानं जाणारा कुणीही तिथं थांबून बघत उभा राहतो. गाव अजून संशयीच आहे, त्याच्याकडं तिरप्या नजरेनं पाहतंच. पण त्याला तू कोण, कुठला, काय बघतोस, असं कुणी विचारत नाही. विणणारी बाई फक्त थोडी बाजूला सरकते, म्हणजे तिचे हात त्याला नीट दिसावेत.